‘झालें असतें तर’ : इंग्रजींतील तिसरा संकेत

आपल्या घरांतून दिवसभर जीं वाक्यें बोललीं जातात त्यांची कोणीं एक दिवस टिपणी ठेवली, तर त्यांत ‘असतें तर’ हे दोन शब्द किती वेळां येतात हें पाहून तो चकित होईल. सकाळीं दूध उतूं गेलें, कीं ‘जरा लक्ष ठेवलें असतें तर!’ मुलाची गाडी चुकली, कीं ‘पांच मिनिटें आधीं निघाला असतास तर!’ परीक्षेचा निकाल लागला, कीं त्या दिवशीं तर घरांत दुसरें वाक्यच ऐकूं येत नाहीं. पानिपतावर विश्वासराव पडले नसते तर काय झालें असतें, हा प्रश्न १७६१ पासून आजपर्यंत मराठी माणसानें सोडलेला नाहीं. अशा बोलण्याची आपण थट्टाहि करतों. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलें असतें’ ही म्हण आपलीच. ‘बैल गेला आणि झोपा केला’ हीहि आपलीच. परंतु थट्टा करूनहि तें बोलणें थांबत नाहीं, आणि थांबावें असेंहि नाहीं. जें घडलें तें घडलें नसतें तर, अशी कल्पना करणें आणि ती दुसऱ्यास सांगणें, ही भाषेनें मनुष्याला दिलेली एक विलक्षण शक्ति आहे.

हें ‘असतें तर’ इंग्रजींत कसें बोलावें, आणि त्याचा सराव घरच्या घरीं कसा करावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. इंग्रजी शिकविणारे यास ‘थर्ड कंडिशनल’ म्हणजे तिसरा संकेत म्हणतात. मीं पुष्कळ वर्षें शाळेंत इंग्रजी शिकविलें. एरव्हीं चांगलें इंग्रजी लिहिणारीं मुलें या एका ठिकाणीं अडखळतात, आणि मोठीं माणसें तर हा प्रसंग येतांच वाक्यच बदलून दुसऱ्या वाटेनें निघून जातात, असा माझा अनुभव आहे. वास्तविक ही वाट अवघड नाहीं. मराठीच्या संवयीमुळें ती अवघड वाटते, एवढेंच.

प्रथम तीन संकेत एकमेकांशेजारीं ठेवून पाहूं. संकेत म्हणजे अट. ‘पाऊस पडला तर पीक येईल’ असें आपण म्हणतों, तेव्हां पाऊस अजून पडावयाचा असतो. तो पडेल अशी आशाहि असते. हा पहिला संकेत. इंग्रजींत ‘इफ इट रेन्स, द क्रॉप्स विल ग्रो.’ दुसऱ्या संकेतांत अट आजच्या वस्तुस्थितीच्या विरुद्ध असते. ‘मी तुझ्या जागीं असतों तर मीं हें केलें नसतें.’ मी तुझ्या जागीं नाहीं, हें दोघांनाहि ठाऊक आहे. इंग्रजींत ‘इफ आय वेअर इन युअर प्लेस, आय वुड नॉट डू इट.’ आणि तिसरा संकेत, ‘पाऊस पडला असता तर पीक आलें असतें.’ ‘इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप्स वुड हॅव ग्रोन.’ येथें हंगाम उलटून गेलेला आहे. पाऊस पडला नाहीं, पीक आलें नाहीं, आणि आतां कांहीं केल्या त्यांत फरक पडावयाचा नाहीं. एका वाक्यांत दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही घडलेल्या नाहींत, हें या संकेताचें मुख्य लक्षण आहे. तें मनांत पक्कें ठसलें, कीं अर्धें काम झालें.

आतां वाक्याची घडण पाहूं. मराठी वाक्याच्या दोन्ही अंगांकडे लक्ष द्या. ‘पडला असता’, ‘आलें असतें’. पूर्वार्धांत ‘असता’, उत्तरार्धांतहि ‘असतें’. तराजूच्या दोन्ही पारड्यांत आपण एकच वजन टाकतों. इंग्रजी तसें करीत नाहीं. ‘इफ’ असलेल्या अर्ध्या भागांत ‘हॅड’ आणि क्रियापदाचें तिसरें रूप. दुसऱ्या भागांत ‘वुड हॅव’ आणि क्रियापदाचें तिसरें रूप. मराठी मुलाला दोन्ही पारडीं सारखीं करण्याची संवय असल्यामुळें तो म्हणतो, ‘इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप्स वुड हॅव ग्रोन.’ आमच्याकडील सर्वांत मोठी चूक ती हीच. असें रूप बोलतांना कांहीं इंग्रजी-भाषिकांच्या तोंडूनहि, विशेषतः अमेरिकेंत, ऐकूं येतें; परंतु लेखनांत तें अशुद्धच गणलें जातें. मी वर्गांत एक घरगुती नियम सांगत असें: ‘इफ’च्या घरांत ‘वुड’ला प्रवेश नाहीं. व्याकरणाच्या मोठ्या परिभाषेपेक्षां या एका वाक्याचा मुलांना अधिक उपयोग झाला.

पण ‘इफ’च्या घरांत ‘हॅड’च कां? याचें उत्तर फार सोपें आहे. एखादी गोष्ट खरी नाहीं, ती केवळ कल्पनेंतली आहे, हें दाखविण्यासाठीं इंग्रजी भाषा काळाची एक पायरी मागें उतरते. आजच्या गोष्टीविषयीं कल्पना करावयाची असेल, तर भूतकाळाचें रूप घेते. कालच्या गोष्टीविषयीं कल्पना करावयाची असेल, तर भूतकाळाच्याहि मागें जाते. आणि भूतकाळाच्या मागें ‘हॅड’ उभाच असतो. आपल्या मराठींतहि याची एक खूण आहे. ‘उद्यां पाऊस पडला तर’ असें आपण म्हणतों. उद्यांची गोष्ट, आणि क्रियापद मात्र ‘पडला’, म्हणजे भूतकाळाचें! तेव्हां अटीच्या वाक्यांत भूतकाळाचें रूप नेहमीं काळच दाखवितें असें नाहीं, हें तत्त्व आपल्याला परकें नाहीं.

मराठी आणि इंग्रजी यांतला खरा फरक एका जोडीवरून ध्यानांत येईल. ‘आज माझ्याजवळ पैसे असते, तर मीं हें पुस्तक घेतलें असतें.’ ‘काल माझ्याजवळ पैसे असते, तर मीं हें पुस्तक घेतलें असतें.’ मराठींत ‘आज’ आणि ‘काल’ एवढाच शब्द बदलला. बाकीचें वाक्य जसेंच्या तसें राहिलें. इंग्रजींत मात्र पहिल्याचें ‘इफ आय हॅड मनी टुडे, आय वुड बाय धिस बुक’ असें होतें, आणि दुसऱ्याचें ‘इफ आय हॅड हॅड मनी यस्टर्डे, आय वुड हॅव बॉट धिस बुक’ असें होतें. जें काम मराठींत एकट्या ‘काल’ या शब्दानें केलें, तें इंग्रजींत दोन्ही क्रियापदांना वांटून घ्यावें लागतें.

येथें ‘हॅड हॅड’ पाहून कित्येकांना हा छापणाऱ्याचा दोष वाटतो. तो दोष नव्हे. पहिला ‘हॅड’ संकेताचा आहे, दुसरा ‘जवळ असणें’ या अर्थाच्या ‘हॅव’ या क्रियापदाचें तिसरें रूप आहे. मराठींत ‘हॅव’ला स्वतंत्र क्रियापदच नाहीं. आपण ‘माझ्याजवळ होते’, ‘मला वेळ होता’ असें म्हणून काम भागवितों. म्हणून हा जोड-शब्द आपल्या कानाला खटकतो. ‘इफ आय हॅड हॅड टाइम’ हें चार-सहा वेळां मोठ्यानें म्हणा, म्हणजे खटकणें बंद होईल.

एक दिलासाहि देतों. मराठींत या संकेताला किती रूपें आहेत तें पाहा: मी गेलों असतों, तूं गेला असतास, तो गेला असता, ती गेली असती, तीं मुलें गेलीं असतीं. लिंग, वचन, पुरुष या सर्वांप्रमाणें शेंपूट बदलतें. इंग्रजींत आय, यू, ही, शी, दे, कोणीहि असो, ‘वुड हॅव गॉन’ तें ‘वुड हॅव गॉन’च. इंग्रज मनुष्य आपली मराठी शिकूं लागला तर त्याला जे कष्ट पडतील, त्यांच्या मानानें आपले कष्ट फारच थोडे आहेत. फक्त लहानपणीं पाठ केलेलें ‘गो, वेंट, गॉन’ विसरलेलें नसावें. ‘इफ आय हॅड वेंट’ म्हटलें कीं सगळी इमारत कोसळते. दोन्ही अंगांत तिसरेंच रूप पाहिजे.

आतां सरावाकडे वळूं. नियम पाठ करून ही रचना तोंडीं बसत नाहीं. पुस्तकांतल्या गाळलेल्या जागा भरूनहि ती परीक्षेपुरतीच बसते. मीं अनुभवानें जी रीति उपयोगी पाहिली ती अशी. वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावे. डाव्या भागांत त्या दिवशीं घडलेल्या दोन गोष्टी लिहाव्या, त्यांपैकीं एक दुसरीचें कारण असावी. ‘मीं घड्याळ पाहिलें नाहीं. माझी गाडी चुकली.’ मग उजव्या भागांत दोन्ही उलट कराव्या. जेथें नकार आहे तेथें होकार, जेथें होकार आहे तेथें नकार. ‘घड्याळ पाहिलें असतें, तर गाडी चुकली नसती.’ आणि त्याखालीं इंग्रजी: ‘इफ आय हॅड लुक्ड ॲट द क्लॉक, आय वुड नॉट हॅव मिस्ड द ट्रेन.’ रोज रात्रीं अशा तीन जोड्या पुरेत. आधीं खरी घटना आणि मग तिची उलट, हा क्रम मात्र मोडूं नये. कारण खरें काय घडलें हें मनांत स्पष्ट नसेल, तर खोटें काय म्हणावयाचें हेंहि स्पष्ट होत नाहीं.

घरांत तीन-चार माणसें असतील तर हाच सराव खेळासारखा होतो. एकानें वाक्य म्हणावें. पुढच्यानें त्याचा उत्तरार्ध उचलून आपला पूर्वार्ध करावा. समजा, आईनें म्हटलें, ‘गजर वाजला असता तर मी लवकर उठलें असतें.’ ‘इफ द अलार्म हॅड रंग, आय वुड हॅव वोकन अप अर्ली.’ मुलगी पुढें म्हणेल, ‘इफ यू हॅड वोकन अप अर्ली, यू वुड हॅव कॉट द बस.’ वडील म्हणतील, ‘इफ यू हॅड कॉट द बस, यू वुड नॉट हॅव मेट युअर ओल्ड फ्रेंड ऑन द रोड.’ पाहा, एकच ‘वोकन’ पहिल्या वाक्यांत ‘वुड हॅव’च्या मागून येतो आणि दुसऱ्यांत ‘हॅड’च्या मागून. जी अदलाबदल पुस्तकांतून समजावयास तास लागतो, ती या खेळांत जिभेला आपोआप कळते. शिवाय गजर वाजला नाहीं या तक्रारीनें सुरू झालेली साखळी जुनी मैत्रीण भेटल्याच्या आनंदावर संपली, हेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आपण हें भाषण कानांनीं ऐकत आहां, म्हणून उच्चाराविषयींहि दोन शब्द सांगतों. बोलतांना इंग्रज मनुष्य ‘आय हॅड’चें ‘आइड’ करतो, आणि ‘आय वुड’चेंहि ‘आइड’च करतो. ‘इफ आइड नोन, आइड हॅव कम.’ ऐकणाऱ्याला दोन्ही सारखींच. मग ओळखावें कसें? पुढें क्रियापदाचें तिसरें रूप लगेच आलें तर तो ‘हॅड’. पुढें ‘हॅव’ आला तर तो ‘वुड’. आणि हा ‘हॅव’हि इतका हलका उच्चारला जातो, कीं इंग्रज मुलेंसुद्धां ऐकण्यावरून त्याच्या जागीं ‘ऑफ’ हा शब्द लिहितात आणि शिक्षकांची बोलणीं खातात. तेव्हां आपल्या मुलानें ती चूक केली तर फार रागावूं नका. तो निदान कान देऊन ऐकतो आहे असें समजा.

आणखी एक वळण. मराठींत आपण ‘जर’ हा शब्द पुष्कळदां गाळतों. ‘कळलें असतें तर आलों असतों’ हें पुरेसें होतें. इंग्रजींतहि ‘इफ’ गाळतां येतो. मात्र मग ‘हॅड’ला उचलून वाक्याच्या दारांत उभें करावें लागतें. ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव कम.’ ही रचना बोलण्यांत कमी, परंतु भारदस्त लेखनांत, न्यायालयाच्या निर्णयांत आणि सरकारी अहवालांत नेहमीं आढळते. अशाच एका अहवालाची हकीकत सांगतों, कारण या संकेतांतली एक मोलाची गोष्ट मला तेथें दिसली.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं ‘टायटॅनिक’ हें प्रचंड जहाज अटलांटिक महासागरांत हिमनगावर आदळलें, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे २ वाजून २० मिनिटांनीं बुडालें. जहाजावर सुमारें २,२०० माणसें होतीं. लहान होड्या होत्या २०, आणि त्यांत जागा होती १,१७८ माणसांची. सुमारें १,५०० माणसें प्राणास मुकलीं. त्याच रात्रीं ‘कॅलिफोर्नियन’ नांवाचें दुसरें एक जहाज बर्फामुळें त्याच भागांत थांबून होतें. त्यावर बिनतारी यंत्र होतें, परंतु तें चालविणारा मनुष्य एकच. दिवसभराचें काम आटोपून त्यानें टक्कर होण्याच्या थोडाच वेळ आधीं यंत्र बंद केलें आणि तो झोंपावयास गेला. पुढें त्या जहाजावरील अधिकाऱ्यांना दूर आकाशांत अग्निबाण दिसले. कप्तानाला तशी वर्दी गेली. परंतु यंत्रावर बसणाऱ्यास रात्रीं कोणीं उठविलें नाहीं.

‘इफ द ऑपरेटर हॅड स्टेड अवेक’, ‘इफ दे हॅड वोकन हिम’, ‘इफ देअर हॅड बीन मोअर बोट्स’. तिसऱ्या संकेताचीं अशीं किती वाक्यें त्या एका रात्रीनें निर्माण केलीं असतील! ब्रिटनमध्यें लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली आणि त्याच वर्षीं जुलैंत अहवाल निघाला. ‘कॅलिफोर्नियन’विषयीं त्यांत ठपका आहे, आणि तो नेमका याच रचनेंत आहे. वाक्य ‘हॅड’नें सुरू होतें. तें जहाज मदतीस गेलें असतें तर पुष्कळ, किंबहुना सर्वच प्राण वांचले असते, असा त्याचा आशय आहे. पण अहवालांत ‘वुड हॅव’ नाहीं. ‘माइट हॅव’ आहे. म्हणजे ‘वांचलेच असते’ असें नव्हे, ‘कदाचित् वांचले असते’.

इतक्या लोकांचे प्राण गेलेले, सारा देश क्षुब्ध झालेला, आणि तरीहि निर्णय लिहिणाऱ्यानें एका शब्दापुरता हात आंवरला. त्याचें महत्त्व पुढें दिसून आलें. ऐंशी वर्षांनीं, १९९२ मध्यें, ब्रिटनच्या जहाज-अपघात चौकशी खात्यानें सर्व पुरावा पुन्हां तपासला. ‘कॅलिफोर्नियन’नें तत्परता दाखवावयास हवी होती, हें त्यानेंहि मान्य केलें, परंतु तें जहाज निघालें असतें तरी ‘टायटॅनिक’ बुडण्यापूर्वीं तेथें पोंचूं शकलें नसतें, असा अभिप्राय दिला. ‘माइट’ हा शब्द नसता तर पहिला निर्णय केवढ्या अवघड जागीं सांपडला असता, याचा विचार करा. हेंहि एक तिसऱ्या संकेताचेंच वाक्य झालें!

तेव्हां आमच्या पाठांत ही भर घाला. उत्तरार्धांत ‘वुड हॅव’ येतो तो खात्रीच्या जागीं. शक्यता दाखवावयाची असेल तर ‘माइट हॅव’; सामर्थ्य किंवा संधि दाखवावयाची असेल तर ‘कुड हॅव’. वांचले असते, कदाचित् वांचले असते, वांचूं शकले असते. तिन्ही ठिकाणीं पूर्वार्ध तोच राहतो, ‘इफ’ आणि ‘हॅड’. बदलतो तो एक शब्द. पण बोलणाऱ्याची जबाबदारी त्या एका शब्दांत असते.

ही गोष्ट मला पुस्तकानें शिकविली नाहीं. एका विद्यार्थ्यानें शिकविली. ती सांगतांना माझी चूकहि सांगावी लागणार आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं वर्गाला या संकेताचीं पांच वाक्यें घरून लिहून आणावयास सांगितलीं होतीं. एका मुलानें एकच वाक्य आणलें. ‘इफ आय हॅड बीन ॲट होम दॅट ईव्हनिंग, माय फादर वुड हॅव लिव्ह्ड.’ त्या संध्याकाळीं मी घरीं असतों, तर माझे वडील वांचले असते. मीं ‘हॅड बीन’ पाहिलें, ‘वुड हॅव’ पाहिलें, तांबड्या शाईनें बरोबरची खूण केली, आणि खालीं ‘चार वाक्यें राहिलीं’ असा शेरा लिहिला. वही परत घेतांना त्यानें विचारलें, “सर, वाक्य बरोबर आहे?” मीं म्हटलें, “अगदीं बरोबर आहे.” तो मुकाट्यानें जागेवर जाऊन बसला.

दुपारीं शिक्षकांच्या खोलींत त्याच्या वर्गशिक्षकांकडून मला कळलें. दीड महिन्यापूर्वीं त्याचे वडील हृदयविकारानें गेले होते. घरांत त्या वेळीं दुसरें कोणी नव्हतें, आणि मुलगा मैदानावर खेळावयास गेला होता. तें ऐकल्यावर माझ्या तोंडचें पाणी पळालें. त्यानें मला व्याकरण विचारलें नव्हतें. त्यानें जें विचारलें होतें, त्यावर मीं तांबड्या शाईनें शिक्का मारून दिला होता.

दुसऱ्या दिवशीं मीं त्याला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलें. म्हटलें, “बाळ, काल मीं तुला अर्धेंच उत्तर दिलें. तुझें व्याकरण बरोबर आहे. पण तुझ्या वाक्यांत जो ‘वुड’ आहे, तो कोणालाहि सिद्ध करतां यावयाचा नाहीं. मला नाहीं, तुला नाहीं, डॉक्टरांनाहि नाहीं. जें सिद्ध करतां येत नाहीं, तेथें ‘माइट’ घालावा लागतो.” त्यानें विचारलें, “त्यानें अर्थ किती बदलतो, सर?” मीं म्हटलें, “‘वांचले असते’ आणि ‘कदाचित् वांचले असते’ यांत जितकें अंतर आहे, तितका.” तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग त्यानें ‘वुड’ खोडला आणि वर ‘माइट’ लिहिला. त्यानंतर मीं न सांगतां त्यानें खालीं आणखी एक वाक्य लिहिलें. ‘इफ आय हॅड आस्क्ड हिम दॅट ईव्हनिंग, ही वुड हॅव टोल्ड मी टु गो अँड प्ले.’ त्या संध्याकाळीं मीं त्यांना विचारलें असतें, तर त्यांनीं मला ‘जा, खेळून ये’ असेंच सांगितलें असतें. मीं विचारलें, “येथें ‘माइट’ नको?” तो म्हणाला, “नको, सर. हें मला माहीत आहे.”

तो ‘वुड’ मीं तसाच राहूं दिला. त्यावर खूण करावयास मात्र माझी लेखणी उचलली गेली नाहीं.

श्रोतेहो, त्या दिवसापासून मी हा संकेत शिकवितांना ‘वुड’ आणि ‘माइट’ हे दोन्ही एकाच तासांत शिकवूं लागलों. कारण ही रचना आपण जितकी इंग्रजींत वापरतों, त्याहून किती तरी पट अधिक मनांतल्या मनांत वापरतों, आणि तेथें तपासणारा कोणीच नसतो. आपल्या हातून कांहीं चुकलें म्हणजे आपण स्वतःला ‘वुड’नें शिक्षा देतों. मुलांचें कांहीं चुकलें म्हणजे त्यांनाहि ‘वुड’नेंच ऐकवितों. निकालाच्या दिवशीं ‘अभ्यास केला असतास तर पास झाला असतास’ असें आपण म्हणतों, तें वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतें. पण त्याचा मुलाला उपयोग काय? बैल गेलेला असतो. त्याच दोन गोष्टी पहिल्या संकेतांत घातल्या, ‘अभ्यास केलास तर पास होशील’ असें म्हटलें, कीं दार पुन्हां उघडतें. ‘टायटॅनिक’नंतर लोकांनीं शेवटीं हेंच केलें. १९१४ मध्यें लंडन येथें राष्ट्राराष्ट्रांत करार होऊन जहाजावरील प्रत्येक माणसाला होडींत जागा असावी आणि मोठ्या प्रवासी जहाजांवर बिनतारी यंत्रापाशीं अहोरात्र पहारा असावा, असे नियम ठरले. ‘असतें तर’चें ‘असलें तर’ झालें. पश्चात्तापाला यापेक्षां चांगली गति नाहीं.

आतां आजच्या रात्रीसाठीं घरचा अभ्यास सांगून मी आपली रजा घेतों. तीन वाक्यें लिहा. पहिलें, ज्याची हळहळ वाटते अशा गोष्टीविषयीं. आणि त्यांत ‘वुड’ घालण्यापूर्वीं, तेथें ‘माइट’ अधिक खरा तर नाहीं ना, हें स्वतःला विचारा. दुसरें, ज्याविषयीं आपल्याला पूर्ण खात्री आहे अशा गोष्टीविषयीं; तेथें ‘वुड’ निःशंक घाला. आणि तिसरें वाक्य कृतज्ञतेचें असूं द्या. कारण जें घडलें नाहीं त्याच्या हळहळीप्रमाणें जें घडलें त्याचें मोलहि याच रचनेनें मोजतां येतें. त्यासाठीं पूर्वार्धांत ‘नॉट’ घालावा लागतो, एवढेंच. १८४८ मध्यें पुण्यास जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. हें भाषण ऐकत असलेल्या एखाद्या भगिनीनें आज आपल्या वहींत लिहावें, ‘इफ दे हॅड नॉट ओपन्ड दॅट स्कूल, आय माइट नॉट हॅव लर्न्ड टु राइट धिस सेंटेन्स.’ त्यांनीं ती शाळा काढली नसती, तर हें वाक्य लिहावयास मी कदाचित् शिकलें नसतें.

तिसऱ्या संकेताचा याहून चांगला सराव मला सांगतां यावयाचा नाहीं.